नावं पाठ, पुस्तकं न वाचलेली: आपल्या लेखिकांकडे पुन्हा बघताना

बोरू

मराठीतल्या जुन्या लेखिकांची नावं आपल्याला माहीत नाहीत, असं मुळीच नाही. ताराबाई शिंदे, काशीबाई कानिटकर, विभावरी शिरूरकर ही नावं पाठ्यपुस्तकात असतात, स्पर्धा परीक्षांत विचारली जातात, आठ मार्चच्या भाषणांत तर असतातच. पण पुस्तकाचं नाव आणि साल यापुढे फार थोडे वाचक जातात. म्हणून हा धागा. नाव ऐकलेलं पुस्तक प्रत्यक्ष उघडलं तर हाती काय लागतं, ते सांगूया.

मी 'स्त्री-पुरुष तुलना'पासून सुरुवात करते. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला अनौरस मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती सौम्य झाली. त्यावरून 'पुणेवैभव' या वृत्तपत्रानं सगळ्या स्त्रीजातीलाच धारेवर धरलं. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाईंनी निबंध लिहिला, १८८२ मध्ये पुण्यात छापून घेतला. प्रती पाचशे. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं.

वाचताना मात्र पहिल्या काही पानांतच लक्षात येतं की ही बाई दाद मागत नाहीये. ती उलटतपासणी घेतेय. स्त्रीवर पूर्वापार ठेवलेले आरोप, म्हणजे ती कपटी, अविचारी, मोहात पाडणारी वगैरे, ती एकेक करून हातात घेते आणि प्रत्येकाचा हिशेब पुरुषांपुढे मांडते. हे दुर्गुण जास्त कोणात? राज्यं कोणी बुडवली? लाच कोण खातं? पन्नाशीला लहान पोरीशी लग्न कोण लावतं? भाषा घरात तावातावानं बोलताना असते तशी, वाक्यं लांबलचक, मध्येच एखादा सणसणीत टोला. आणि ती नुसती चिडलेली नाही, चांगली वाचणारीही आहे. त्या काळच्या कादंबऱ्या-नाटकांत बाई कशी रंगवतात यावर तिनं जे लिहिलंय ती मला सरळसरळ समीक्षा वाटते. पण मराठी समीक्षेच्या इतिहासात ताराबाईंचं नाव त्या कारणासाठी घेतलेलं मी तरी वाचलेलं नाही.

तिच्या बाजूनं तेव्हा जोतीराव फुले आपल्या 'सत्सार' या नियतकालिकात उभे राहिले. नंतर हे पुस्तक जवळजवळ नाहीसं झालं. स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा छापलं. मधली त्र्याण्णव वर्षं कोरी. ताराबाईंनी दुसरं पुस्तक लिहिलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. अशी पुस्तकं आपण साक्षीदारासारखी वापरतो. 'त्या काळी स्त्रियांची स्थिती कशी होती' याचा पुरावा मिळाला की पुस्तक मिटलं. हरिभाऊ आपट्यांची कादंबरी वाचताना आपण रचना बघतो, पात्रं बघतो, निवेदन बघतो. बाईचं पुस्तक असलं की फक्त माहिती बघतो. तर तुम्ही पूर्ण वाचलेलं एखादं पुस्तक सांगा, आणि त्यात *लेखन* म्हणून काय आहे ते सांगा.

पिंपळपान

फार दिवसांनी या विषयावर मनापासून बोलावंसं वाटलं. मी दोन पुस्तकं सांगते आणि ती जोडीनंच वाचा असा माझा आग्रह आहे: पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' (१९२८) आणि आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे यांचं 'माझे पुराण' (१९४४). या दोघी सख्ख्या बहिणी. दोघीही लहान वयात विधवा झालेल्या. एक पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून बहिष्काराला सामोरी गेली. दुसरीनं पुनर्विवाह केला नाही, कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमाच्या कामात पडली आणि आश्रमासाठी वर्गणी गोळा करत देशभर हिंडली. एकाच घरातून निघालेल्या दोन वाटा, आणि दोघींनी त्या आपापल्या शब्दांत लिहून ठेवल्यात.

पार्वतीबाईंचं पुस्तक मला जास्त अस्वस्थ करतं. अक्षरओळख मोठेपणी झालेली ही बाई १९१८ मध्ये संस्थेसाठी पैसा जमवायला अमेरिकेला जाते. इंग्रजी धड येत नाही. ओळखीपाळखी नाहीत. तिथे लोकांच्या घरी घरकामाला राहते, राबते, भाषा शिकते आणि चिवटपणानं आपलं काम चालू ठेवते. हे सगळं ती ज्या सुरात सांगते तो सूर बघण्यासारखा आहे. तक्रार नाही, मोठेपणाही नाही. काय झालं, मग काय केलं, एवढंच. केशवपनाबद्दल मात्र ती थांबून लिहिते. स्वतः अनेक वर्षं ते सहन करून मग सोडलं, तो निर्णय घेताना मनात काय काय चाललं होतं, ते सांगते.

आणि तिची सगळी मतं आपल्याला आज रुचतील असंही नाही. बायकांचं शिक्षण घरसंसाराला पूरक असावं, असं ती ठामपणे मांडते. एकटीनं समुद्र ओलांडणारी बाई हे मांडते! मला ही विसंगती पुस्तकाचं बळ वाटते. तिला आपल्या सोयीची नायिका करायला गेलं की ती हातातून निसटते.

बाया कर्व्यांचा सूर निराळा. मोकळा, फटकळ, कोकणातल्या बोलीचा. थोर माणसाच्या बायकोनं लिहिताना जी आदरयुक्त कुजबूज अपेक्षित असते ती इथे नाही. संस्थेच्या मागे संसारात पैसा उरत नाही, मुलांचं कसं होणार, याची काळजी ती स्पष्ट बोलून दाखवते. महर्षींच्या कार्याचा खर्च घरात कोण भरत होतं, हे मला या पुस्तकानं दाखवलं. कुठल्याही गौरवग्रंथात ते मिळालं नव्हतं.

शिंपला

दोन्ही प्रतिसाद आवडले. एक शंका मात्र प्रामाणिकपणे विचारतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर आजही वाचली जातात, नव्या आवृत्त्या निघतात. ते पुस्तकही आत्मकथनच आहे, लेखिकाही फारशी शिकलेली नव्हती. मग ते टिकलं आणि इतर मागे पडली, याचं कारण शेवटी गुणवत्ता हे नाही का? पुरुषांचीही शेकडो पुस्तकं काळाच्या ओघात गेली. त्यांच्यासाठी आपण हळहळत नाही.

बोरू

शिंपला, शंका रास्त आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही.

'स्मृतिचित्रे' अलौकिकच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण वाचकांनी तुलना करून एक पुस्तक ठेवलं आणि बाकीची बाजूला सारली, असं घडायला आधी ती सगळी वाचकांसमोर यावी लागतात. 'स्त्री-पुरुष तुलना' त्र्याण्णव वर्षं बाजारातच नव्हतं. ते नापसंत कोणी केलं? पसंत-नापसंत करण्याची वेळच आली नाही.

दुसरं असं की पुस्तक टिकतं ते निव्वळ स्वतःच्या जोरावर नाही. कोणीतरी त्यावर लेख लिहितं, अभ्यासक्रमात लावतं, प्रकाशकाच्या मागे लागतं, निवडक उतारे काढतं. या जागांवर कोण बसलं होतं ते बघा. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची परंपरा १८७८ पासूनची. पहिली स्त्री अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, १९६१, ग्वाल्हेर. नंतर दुर्गा भागवत १९७५, शांता शेळके १९९६, विजया राजाध्यक्ष २००१, अरुणा ढेरे २०१९, तारा भवाळकर २०२५. झाली यादी. एवढ्या वर्षांत सहा.

आणि कुसुमावतींचंच बघा ना. मराठी कादंबरीच्या पहिल्या शंभर वर्षांचा इतिहास त्यांनी लिहिला, 'पासंग'सारखं समीक्षेचं पुस्तक दिलं, 'दीपकळी', 'दीपदान', 'मोळी' हे कथासंग्रह दिले. आज सर्वसाधारण वाचकाला त्या आठवतात त्या बहुतेक 'कुसुमानिल'मधल्या पत्रांमुळे, कवी अनिलांची प्रेयसी आणि पत्नी म्हणून. पत्रं सुंदरच आहेत. पण ज्या बाईनं इतरांच्या कादंबऱ्या इतक्या बारकाईनं तोलल्या, तिच्या स्वतःच्या कथा कोणी तोलायच्या?

पिंपळपान

अगदी. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'चंही (१९१०) हेच झालंय. न्यायमूर्ती रानडे घरी कसे होते हे कळण्यासाठी लोक ते वाचतात. मी दुसऱ्यांदा वाचताना ठरवून रानड्यांवरून नजर काढली आणि फक्त घरातल्या बायकांकडे बघितलं. शिकणाऱ्या सुनेवर रोज बारीक बारीक वार करणाऱ्या त्या सगळ्याजणी, त्यांचे टोमणे, अबोले, आणि त्यात नवऱ्यालाही न दुखावता टिकून राहणारी ही मुलगी. एका मोठ्या घरातल्या सत्तेचं इतकं बारीक चित्र त्या काळच्या कादंबऱ्यांतही क्वचित मिळेल.

रानवाट

सगळं वाचलं. चर्चा चांगली चालली आहे, पण एक प्रश्न मला आल्यापासून टोचतोय. 'दुर्लक्षित' म्हणजे कोणाकडून?

बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. आमच्या घरात ते मी लहान असल्यापासून आहे. आईनं वाचलं, मावशीनं वाचलं, वस्तीतल्या बायकांत ते फिरलं. आमच्यासाठी ते कधी हरवलंच नव्हतं. मग ते 'दुर्लक्षित' असं कोणी म्हटलं की मला विचारावंसं वाटतं: तुमच्याकडे ते का पोचलं नाही?

आता बोरूंनी मागितलंय तसं लेखनाबद्दल. बेबीताई फलटणला दुकान चालवायच्या. सामान बांधायला आलेली रद्दी वाचायच्या आणि घरच्यांपासून लपवून लिहायच्या. नवऱ्याला कळू नये म्हणून कागद दडवून ठेवायच्या. अशी कितीतरी वर्षं. आत्मकथन म्हटल्यावर आपण 'मी'ची वाट बघतो. इथे पानंच्या पानं 'मी' येतच नाही. येतो तो वीरगावचा महारवाडा: तिथली भूक, बाळंतपणात हाल होऊन मेलेल्या पोरी, अंगात येणं, जत्रा, सुनांना होणारी मारहाण, आणि मग बाबासाहेबांच्या शब्दानं बदलत गेलेली माणसं. स्वतःच्या संसारातला मार त्यांनी पुस्तकात घेतला नाही. पुढे मुलाखतीत त्याबद्दल बोलल्या. म्हणजे काय सांगायचं आणि काय नाही याची त्यांना पक्की जाण होती. त्यांना समाजाचं पुस्तक लिहायचं होतं. ही एका लेखिकेनं जाणूनबुजून केलेली निवड आहे, आणि तरी परीक्षणांत 'भाबडं, उत्स्फूर्त कथन' असले शब्द वाचायला मिळतात. मला त्याचा फार राग येतो.

शिवाय त्या आपल्या माणसांनाही सोडत नाहीत. महारवाड्यातल्या बाप्यांनी बायकांना कसं वागवलं, हे त्या तेवढ्याच उघडपणे लिहितात. बाहेरच्यांसमोर आपल्या घरातलं बोलू नये, हा दबाव किती असतो ते आम्हाला माहीत आहे. तो झुगारून लिहिणं सोपं नव्हतं.

दुसरं पुस्तक कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' (१९८१). हे तर लेखांचं पुस्तक आहे, सलग जीवनकथा नाही. त्यातला संस्कृत शिक्षणाविषयीचा लेख प्रत्येक मराठी वाचकानं एकदा वाचावा. दलित मुलगी संस्कृतमध्ये एम.ए. होते. कौतुक होतं, सत्कार होतात, नोकरी मिळत नाही. नोकरी मिळते ती आंतरजातीय लग्नानंतर आडनाव बदलल्यावर. कुमुद सोमकुंवरला जे मिळालं नाही ते कुमुद पावडेला मिळालं, हे त्या स्वतः नोंदवतात. बेबीताईंची भाषा वस्तीची, तर कुमुदताईंची प्रमाण, संस्कृतप्रचुर, जड म्हणावी अशी. काहींना ती खटकते. मला वाटतं तिथेच त्यांची लढाई आहे. जी भाषा त्यांना नाकारली होती तीच पूर्ण तोलानं वापरून त्या जाब विचारतात.

दलित स्त्रियांची आत्मकथनं म्हटली की सगळी एका ओळीत, एका श्वासात सांगायची सवय झाली आहे. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचा, त्यांच्यात साम्य शोधायला कष्ट पडतील.

बोरू

रानवाट, 'कोणाकडून' हा प्रश्न या धाग्याच्या मुळाशीच हवा होता. आणि 'उत्स्फूर्त' या शब्दाबद्दल शंभर टक्के सहमत. बाईनं लिहिलं की ते 'सहज उमललेलं' आणि पुरुषानं लिहिलं की ती 'शैली'. बेबीताईंनी काय गाळलं यावरून त्यांची रचना दिसते, हा मुद्दा मी आता विसरणार नाही.

गवतफूल

आत्मकथनांवरच बोलणं चाललंय म्हणून एक कादंबरी आणते. काशीबाई कानिटकरांची 'पालखीचा गोंडा', १९२८.

काशीबाई (१८६१ ते १९४८) लग्नानंतर शिकल्या. नवऱ्याला शिकलेली बायको हवी होती, घरच्यांना नको होती. 'रंगराव' ही कादंबरी त्यांनी आधी लिहिली होती, आनंदीबाई जोशींचं चरित्रही लिहिलं होतं. पण 'पालखीचा गोंडा' साठी ओलांडलेल्या बाईची कादंबरी आहे आणि तिच्यात कल्पनेची झेप तरुण लेखकालाही हेवा वाटावा अशी आहे. मनानं अधू असलेल्या संस्थानिकाशी मुलीचं लग्न लावून देतात. मानमरातब मोठा, नवरा असा. ती रडत बसत नाही. हळूहळू राज्यकारभार हाती घेते आणि स्त्रियांच्या हाती कारभार दिला तर राज्य कसं दिसेल, याचं चित्र काशीबाई उभं करतात.

बंगालच्या बेगम रुकय्या यांनी 'सुलतानाज् ड्रीम'मध्ये १९०५ साली बायकांचं राज्य रंगवलं होतं. ते पुस्तक आता जगभर वाचलं जातं. आपल्याकडेही तशी कादंबरी आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत होतं? दोन्हींत फरक आहे. रुकय्या स्वप्नातून थेट त्या राज्यात नेतात, आणि तिथे पुरुष पडद्यात असतात. काशीबाई लग्न, संस्थान, दरबार या ओळखीच्या जगातून पायरी पायरीनं तिथवर पोचतात. त्यामुळे त्यांचं राज्य जास्त शक्य कोटीतलं वाटतं.

गोष्ट सांगण्याची रीत जुन्या वळणाची आहे, उपदेश येतो, हे खरं. पण हरिभाऊंच्या कादंबऱ्यांतही उपदेश येतो आणि आपण तो चालवून घेतो. काशीबाईंच्या आयुष्याबद्दल वाचायचं असेल तर सरोजिनी वैद्य यांनी संपादित केलेलं त्यांचं आत्मचरित्र आणि चरित्र जरूर मिळवा. सरोजिनीबाईंनी कष्ट घेतले नसते तर आज आपण काशीबाईंना हरिभाऊंची स्नेही म्हणूनच ओळखलं असतं.

गिरिजाबाई केळकरांचं 'पुरुषांचे बंड' (१९१३) हे नाटकही असंच आहे. खाडिलकरांच्या 'बायकांचे बंड'ला थेट उत्तर. मूळ नाटकाचं नाव लोकांना आठवतं, उत्तराचं नाही. त्यांचं आत्मचरित्र 'द्रौपदीची थाळी' मला अजून मिळालेलं नाही, कोणाकडे असेल तर त्याबद्दल लिहा.

लंबक

पुस्तकं का मिळत नाहीत याबद्दल व्यवहाराची थोडी माहिती देतो, कारण हळहळ पुष्कळ होते आणि हे कोणी सांगत नाही.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षं मोजायची. काशीबाई १९४८ मध्ये गेल्या, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं २००९ पासून मोकळी. पार्वतीबाई आठवले १९५५ मध्ये गेल्या, त्यांचं पुस्तक २०१६ पासून मोकळं. कुसुमावतींचं १९६१ मध्ये निधन झालं, म्हणजे 'दीपकळी' आणि 'मोळी' २०२२ पासून कोणीही छापू शकतं, टंकून जालावर ठेवू शकतं. परवानगीची गरज नाही.

खरी अडचण मधल्या पिढीची आहे. कादंबरीकार गीता साने १९९१ मध्ये गेल्या, म्हणजे २०५२ पर्यंत थांबा. मालतीबाई बेडेकर २००१ मध्ये गेल्या, म्हणजे २०६२. या लेखिकांची पुस्तकं छापायची तर वारसांची परवानगी लागते. वारस विखुरलेले, जुने करार सापडत नाहीत, मूळ प्रकाशन बंद पडलेलं. प्रकाशकाला खप दिसत नाही, मग तो खटपट करत नाही. पुस्तकावर बंदी नाही, विरोध नाही, आणि तरीही ते मिळत नाही.

राज्य मराठी विकास संस्थेनं आणि साहित्य संस्कृती मंडळानं बरीच जुनी पुस्तकं जालावर मोफत ठेवलेली आहेत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर यांसारख्या शंभरी ओलांडलेल्या ग्रंथालयांत जुन्या प्रती असतात. जाताना पुस्तकाचं नाव, साल आणि लेखिकेचं माहेरचं नावसुद्धा लिहून न्या. बायकांची नावं लग्नानं बदलतात, टोपणनावं असतात, आणि नोंद भलत्याच नावाखाली सापडू शकते. मालतीबाई बेडेकर, बाळूताई खरे आणि विभावरी शिरूरकर ही एकच व्यक्ती आहे, हे सूचीला आपोआप कळत नाही.

शिंपला

लंबक, ही माहिती फार उपयोगी. माझ्या शंकेचं अर्धं उत्तर यातच मिळालं.

मालतीबाईंचा विषय निघालाच आहे तर 'बळी'बद्दल (१९५०) लिहितो. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ मध्ये आलं तेव्हा केवढं वादळ उठलं ते सर्वश्रुत आहे. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं कोणीतरी टोपणनावानं उघड बोललं म्हणून महाराष्ट्र चिडला होता. ते पुस्तक इतकं गाजलं की लेखिका तिथेच थांबली असा समज झाला. माझाही तोच होता.

'बळी' पूर्ण वेगळ्या जगात घडते. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं आणि त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाच्या वसाहती केल्या. सोलापूरच्या अशा वसाहतीत मालतीबाईंनी काम केलं होतं. हजेरी, पास, कुंपणाबाहेर जायची परवानगी, आत जन्मणारी मुलं. हा कायदा देशभर रद्द झाला १९५२ मध्ये. 

मला थक्क केलं ते तिच्या नजरेनं. सुधारणा करायला आलेली माणसंही कशी वागतात, भलं करण्याच्या नादात किती क्रूर होतात, हे ती बघते. स्वतः त्या व्यवस्थेत नोकरी केलेल्या बाईनं हे लिहिलंय. दलित-भटक्यांच्या साहित्याची चळवळ अजून दोन दशकं दूर होती. अर्थात ही बाहेरून आलेल्या माणसाची नजर आहे. रानवाट यांनी सांगितलेली पुस्तकं आतून लिहिलेली आहेत, ती कसर 'बळी' भरून काढू शकत नाही. पण १९५० च्या मराठी कादंबरीबद्दल बोलताना हिचं नाव पहिल्या पाचांत यायला हवं, असं मी वाचून झाल्यावर ठामपणे म्हणतो.

गवतफूल

गीता साने यांच्याबद्दल थोडं. 'निखळलेली हिरकणी' आणि 'वठलेला वृक्ष' या दोन्ही कादंबऱ्या १९३६ च्या. त्यांच्या नायिका लग्नाच्या चौकटीलाच प्रश्न विचारतात. वाईट नवरा मिळाला म्हणून दुःख, एवढ्यावर त्या थांबत नाहीत. पुढे त्यांनी 'चंबळची दस्युभूमी' लिहिलं, दरोडेखोरांच्या मुलुखावर. कादंबरीकार बाई असा विषय निवडते, यावरून त्यांच्या कुतूहलाची जात कळते.

त्यांच्या कन्या वसुधा धागमवार कायद्याच्या अभ्यासक. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध १९७९ साली चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना जे खुलं पत्र लिहिलं, त्यात त्या होत्या. त्या पत्रानंतर देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. आईच्या १९३६ च्या कादंबऱ्या आणि मुलीचं १९७९ चं पत्र यांच्यात मला एकच धागा दिसतो, तो म्हणजे बाईच्या संमतीचा प्रश्न. कोणी यावर नीट अभ्यास करायला हवा.

चांदणचुरा

आजवर नुसती वाचत होते, पण कमल देसाईंचं नाव कोणीच घेतलं नाही म्हणून लिहिते.

'रंग' (१९६२), 'रात्रंदिन आम्हा युद्धाचा प्रसंग' (१९६३), आणि १९७५ मध्ये 'काळा सूर्य' व 'हॅट घालणारी बाई' या दोन लघुकादंबऱ्या एकत्र. लेखन मोजकं. समीक्षकांनी त्यांना मान दिला, पण वाचक लाभला नाही. त्यांच्याबाबत कारण वेगळं आहे. त्या अवघड आहेत.

'काळा सूर्य'मध्ये गाव आहे, देऊळ आहे, एक बाई आहे, पण तुम्ही 'स्त्रीवरील अन्याय' शोधत गेलात तर हात रिकामे राहतील. तिचं भांडण नवऱ्याशी किंवा सासूशी नाही, अस्तित्वाशीच आहे. दुसरीतल्या बाईला चित्रपट काढायचाय. दोघींनाही कोणाची सहानुभूती नको आहे. मराठीत असलं तत्त्वचिंतक, अस्वस्थ, एकट्या माणसाचं लेखन पुरुषांनी केलं की त्याचं स्वागत झालं, पिढ्यान्‌पिढ्या पोरं त्या नायकांसारखी वागू लागली. कमलताईंच्या बाईसारखं वागावंसं वाटणाऱ्या मुली असणार, पण त्यांच्या हाती पुस्तकच पडलं नाही.

पहिल्यांदा वाचताना वाक्यं तुटक वाटतील, संगती लागणार नाही. सोडू नका. मोठ्यानं वाचून बघा. मला दुसऱ्या वाचनात ती लय पकडता आली आणि मग रात्रभर झोप नाही लागली.

बोरू

चांदणचुरा, बरं झालं लिहिलंत. आपण सगळे जुन्या काळात रमलो होतो. अलीकडची, आपल्या डोळ्यांदेखत बाजूला पडलेली पुस्तकं तर अजून सहज वाचवता येतील.

लंबक यांच्या माहितीवरून एक काम सुचतंय. कुसुमावतींच्या कथा आता मोकळ्या आहेत. 'मोळी'ची जुनी प्रत ज्यांच्याजवळ आहे त्यांनी सांगावं, आपण वाटून घेऊन टंकूया. मी मुद्रितशोधन करते, जुनं शुद्धलेखन जसंच्या तसं ठेवू.

लंबक

मी एक-दोन ग्रंथालयांत विचारतो. मिळाली की पहिल्या दोन कथा माझ्याकडे.

रानवाट

मलाही घ्या यात. टंकायचा वेग चांगला आहे माझा.

आणि जाता जाता एक पुस्तक सांगते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९). आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांवरचं हे पुस्तक. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, हजारो बायका आल्या होत्या. हे चळवळीच्या बहुतेक इतिहासांत एका ओळीत उरकलेलं असतं. या दोघींनी म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांना शोधून काढलं, त्यांच्याजवळ बसून त्यांच्याकडून ऐकलं. कुणाकडे फोटो नाही, कुणाकडे कागद नाही, कुणाला आपण काही विशेष केलं असं वाटतच नाही.

पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्यात इतिहास, दुसऱ्यात या बायकांच्या मुलाखती. दुसरा भाग आधी वाचा. त्या बायका कशा बोलतात ते कानात बसलं की पहिल्या भागातल्या सभा, ठराव आणि तारखा वाचताना प्रत्येक ठिकाणी कोण बसलं होतं ते दिसायला लागतं.

गवतफूल

उद्याच शोधते. 'मोळी'तल्या कुठल्याही दोन कथा मलाही द्या.